ताओर्मिना: वर जाण्याआधी थोडं खाली थांबा

ताओर्मिना-जार्दिनी स्टेशनवर उतरलात की लगेच टॅक्सीकडे धावू नका. स्टेशन स्वतःच बघण्याजोगं आहे. आत रंगवलेली लाकडी छतं आणि नक्षीदार लोखंडकाम, बाहेर फलाटाला लागूनच समुद्र. ते बघून झालं की मान वर करा. कड्याच्या काठावर, समुद्रापासून सुमारे दोनशे मीटर उंचीवर घरांची एक रांग दिसेल. ते ताओर्मिना. पहिल्या खेपेला मी नकाशा बघितला, स्टेशन आणि गाव यांच्यात बोटभर अंतर दिसलं आणि चाकांची बॅग ओढत चालत निघालो. तिसऱ्या वळणावर बॅगेचं एक चाक निखळलं. नकाशा चढ दाखवत नाही, हे सह्याद्रीत ट्रेक केलेल्या माणसाला तरी सुचायला हवं होतं.

तुम्ही बस घ्या. स्टेशनवरून वर जाणारी बस वळणावळणाच्या रस्त्याने गावाच्या दाराशी सोडते. केबल कारही आहे, पण ती स्टेशनपासून निघत नाही. ती मात्सारोच्या खाडीपासून निघते आणि स्टेशनवरून तिथे जायलाही बसच लागते. स्टेशनवर बॅगा घेऊन केबल कार शोधणारी माणसं दर गाडीला दिसतात. गाडी भाड्याने घेतली असेल तर आणखी जपायला हवं. जुन्या गावात बाहेरच्या वाहनांना मज्जाव असतो, कॅमेरे नंबर टिपतात आणि दंडाची चिठ्ठी तुम्ही भारतात परतल्यावर भाड्याच्या कंपनीमार्फत येते. गाडी लुम्बी किंवा पोर्ता कातानियाच्या बहुमजली वाहनतळात ठेवायची आणि पुढे पायीच फिरायचं.

सिसिलीच्या सहलीत ताओर्मिनाला बहुतेक वेळा चार-पाच तास मिळतात. बस सकाळी दहाला येते, चारला निघते. या वेळात गावाच्या मुख्य रस्त्यावर खांद्याला खांदा लावून चालावं लागतं, आइस्क्रीम खावं लागतं आणि सिरॅमिकचं एक डोकं विकत घ्यावं लागतं. माझा सल्ला, दोन रात्री राहा. खर्च वाढेल, कारण हे सिसिलीतल्या महागड्या गावांपैकी एक आहे. वरच्या गावात खोल्या परवडल्या नाहीत तर खाली जार्दिनी नाक्सोसला राहा, तिथे दर बरेच कमी असतात. खाली राहण्याचा आणखी एक फायदा आहे: गाव ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने ते बघता येतं.

तो क्रम खालून वर आहे. ग्रीक लोक सिसिलीत वसाहत करायला आले तेव्हा त्यांनी पहिली वस्ती केली ती या डोंगराच्या पायथ्याशी, समुद्रात शिरलेल्या एका सपाट भूशिरावर. इसवी सनापूर्वी ७३४ साली. तिचं नाव नाक्सोस. जहाजातून उतरणाऱ्या माणसाला काय हवं असतं, तर गलबतं ओढून ठेवायला वाळू, पिकाऊ जमीन आणि गोडं पाणी. ते सगळं इथे होतं. इ.स.पू. ४०३ मध्ये सिराक्यूसचा हुकूमशहा दिओनिसियस याने नाक्सोस उद्ध्वस्त केलं. उरलेली माणसं पांगली. पुढे इ.स.पू. ३५८ मध्ये आंद्रोमाखस नावाच्या एका पुढाऱ्याने त्यांना गोळा केलं आणि डोंगरावर नेऊन वसवलं. इतिहासकार तिमाइयस हा त्याचा मुलगा. समुद्रकाठी एकदा मार खाल्लेली माणसं दुसऱ्यांदा समुद्रकाठी घरं बांधत नाहीत. त्यांनी टॉरस डोंगराचा खांदा निवडला आणि गावाचं नाव पडलं ताउरोमेनियन.

म्हणून पहिली दुपार नाक्सोसच्या उत्खननाला द्या. बघायला भव्य काही नाही हे आधीच सांगतो. लिंबाची आणि ऑलिव्हची झाडं, त्यांच्यामधून जाणारे आखलेले रस्ते, कुंभारांच्या भट्ट्यांचे अवशेष, आणि काळ्या लाव्हाच्या बहुकोनी दगडांची एक तटभिंत. या भिंतीपाशी पाच मिनिटं बसा. दगड एकमेकांत चुना न घालता बसवलेत. प्रत्येक दगडाचा कोन शेजाऱ्याच्या कोनाला जुळवून घडवलाय. बोटाने सांधा चाचपून बघितला तर नखही आत जाईना. लाव्हा एटनाचा, आणि एटना समोरच. शेजारी छोटं संग्रहालय आहे. गर्दी जवळजवळ नसते. इथून वर बघितलं की ताओर्मिना, त्याच्या वर किल्ल्याचा सुळका आणि त्याहून वर कास्तेलमोला असे तीन टप्पे एकावर एक दिसतात. उद्या-परवा काय चढायचं आहे ते तेव्हाच कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला नाट्यगृहाच्या दारात उभे राहा. ताओर्मिनाचं प्राचीन नाट्यगृह म्हणजे लोक ज्यासाठी येतात ते. तिकीट आदल्या दिवशी ऑनलाइन काढलं तर रांग टळते. उघडल्या उघडल्या गेलं की दोन गोष्टी साधतात: सहलीच्या बस अजून घाटात असतात, आणि एटना दिसतो. दुपार झाली की त्याच्या माथ्यावर ढग जमतात किंवा उन्हाच्या धुरकटपणात तो विरून जातो. उन्हाळ्यात इथे ऑपेरा, संगीताचे कार्यक्रम आणि चित्रपट महोत्सव होतो, तेव्हा रंगमंचावर लोखंडी सांगाडे, ध्वनिक्षेपक आणि पायऱ्यांवर तात्पुरत्या खुर्च्या असतात. कार्यक्रमाच्या दिवशी नाट्यगृह लवकर बंदही करतात. जुनं नाट्यगृह मोकळं बघायचं असेल तर एप्रिल किंवा ऑक्टोबर धरा. त्याच महिन्यांत ऊनही सोसवतं. नोव्हेंबरनंतर गावातली बरीच हॉटेलं बंद असतात.

आत शिरल्यावर आधी सगळ्यात वरच्या पायरीवर जा. खाली अर्धवर्तुळाचा कटोरा, सुमारे १०९ मीटर व्यासाचा. सिसिलीत याहून मोठं प्राचीन नाट्यगृह एकच, सिराक्यूसचं. जागा ग्रीकांनी निवडली आणि डोंगर कोरला, पण आज दिसतं ते बरंचसं रोमन आहे. ते ओळखायची सोपी खूण म्हणजे वीट. पातळ, लाल, चपट्या विटा दिसल्या की तो भाग रोमनांचा. त्यांनी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात जवळजवळ सगळं नव्याने बांधलं आणि पुढे मधल्या नृत्यभूमीचा आखाडा करून तिथे माणसांच्या आणि जनावरांच्या झुंजी लावल्या. नाटकाच्या जागेवर झुंजी आल्या याचं वाईट वाटायला हरकत नाही, पण रोमन नसते तर उभं राहिलेलं इतकं काही आपल्याला दिसलं नसतं.

आता समोर बघा. रंगमंचामागची भिंत मधोमध ढासळली आहे. त्या खिंडारातून नाक्सोसचा उपसागर आणि धूर सोडणारा एटना दिसतो. जगभर पोस्टकार्डांवर छापलेलं दृश्य ते हेच. जर्मन कवी गटे १७८७ मध्ये इथे आला तेव्हा तोही याच दृश्यावर भाळला. गंमत अशी की ज्यांच्यासाठी हे बांधलं त्या प्रेक्षकांना ते दिसतच नव्हतं. तेव्हा भिंत पूर्ण उंचीची होती, खांब आणि पुतळ्यांनी सजवलेली, आणि तिचं कामच मुळी प्रेक्षकांची नजर नाटकावर ठेवण्याचं होतं. आपण ज्याचे फोटो काढतो ती पडझडीची देणगी आहे. फोटो काढून झाले की पायऱ्या उतरून त्या भिंतीच्या मागे जा. तिथून कड्याखालचा समुद्र सरळ पायाखाली येतो आणि माणसंही कमी असतात.

साडेदहाच्या सुमारास बाहेर पडलात की नेमकी गर्दी सुरू झालेली असते. त्या वेळी मुख्य रस्त्यावर, म्हणजे कोर्सो उम्बेर्तोवर, जाऊ नका. खालच्या अंगाला नगरपालिकेची बाग आहे, तिकीट नाही. फ्लोरेन्स ट्रेव्हेलियन नावाच्या इंग्रज बाईने ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लावली. विटा, लाव्हा, लाकूड, जुन्या इमारतींचे तुकडे असं हाताला लागेल ते जोडून तिने विचित्र मनोरे उभारले. मधमाश्यांच्या पोळ्यांसारखे दिसतात म्हणून त्यांना पोळीच म्हणतात. बाकावर बसून डबा खायला ही जागा उत्तम. खाली दिसणारं इसोला बेल्ला हे चिमुकलं बेटही तिनेच १८९० मध्ये विकत घेतलं होतं. आज ते संरक्षित निसर्गक्षेत्र आहे. तिकडे जायचं तर केबल कारने मात्सारोला उतरून पायऱ्या उतरायच्या. किनारा गोट्यांचा आहे, तळपाय भाजतात आणि गोटे रुततात, म्हणून पाण्यात चालतील अशा चपला हव्यात. बेटाला जोडणारी दगडवाळूची पट्टी कधी उघडी असते, कधी गुडघाभर पाण्यात.

कोर्सो सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर बघायचा. पोर्ता मेस्सिना आणि पोर्ता कातानिया या दोन वेशींमधला हा सरळ रस्ता. मेस्सिनाच्या बाजूची वेस १८०८ ची, कातानियाच्या बाजूची १४४० ची. पहिल्या वेशीतून आत शिरताच पालात्सो कोर्वाया लागतो. त्याचा चौकोनी बुरूज अरबांच्या काळचा. ९०२ मध्ये अरबांनी गाव जिंकलं आणि १०७९ मध्ये नॉर्मन आले. मधल्या काळात गावाचं नाव खलिफाच्या नावावरून अल-मुइज्जिया झालं होतं. वाड्याचे बाकीचे भाग त्यानंतरच्या राज्यकर्त्यांनी जोडले, आणि १४११ मध्ये सिसिलीची पार्लमेंट इथे भरली. अंगणात शिरून दगडी जिना बघा, पुढे चला. शेजारच्या सांता कातेरिना चर्चच्या मागे एक छोटं रोमन नाट्यगृह आहे. ते १८९२ मध्ये सापडलं. काही पायऱ्या अजून चर्चच्या खाली गाडलेल्या आहेत. शंभरात नव्वद लोक त्याच्यावर नजर न टाकता पुढे जातात.

पियात्सा नोवे आप्रिले, म्हणजे नऊ एप्रिलचा चौक, हा गावाचा सज्जा. फरशी काळ्या-पांढऱ्या चौकटीची, एका बाजूला कठडा आणि खाली समुद्र. चौकाच्या नावामागे एक अफवा आहे. ९ एप्रिल १८६० रोजी चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना कुणीतरी बातमी आणली की इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा गॅरिबाल्डी मार्सालाला उतरला. गावाने जल्लोष केला. बातमी खोटी होती. गॅरिबाल्डी उतरला महिनाभराने, ११ मे रोजी. तरी गावाने तारीख बदलली नाही. या चौकातल्या कॉफीघरांत बसायचं असेल तर आधी दरपत्रक वाचा. टेबलावरच्या कॉफीचा दर उभ्याने प्यायच्या कॉफीच्या दरापेक्षा बराच जास्त असतो. जेवणाच्या बिलात माणशी ‘कोपेर्तो’ नावाची रक्कम दिसेल. ती फसवणूक नाही, टेबलाचा आणि पावाचा आकार आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे वळतो. गड बघायला गेल्यावर आपल्याकडचा जाणता माणूस आधी पाण्याची टाकी शोधतो. गड बांधायच्या आधी वर पाणी आहे का ते बघावं, असं मराठा राज्याच्या अमात्यांनी आज्ञापत्रात बजावून ठेवलंय. डोंगरावरच्या कुठल्याही गावाला हाच प्रश्न विचारावा, आणि ताओर्मिनाला तो विचारला की उत्तर कोर्सोच्या खाली एका गल्लीत मिळतं. तिला नाउमाकिए म्हणतात. पाटीकडे लक्ष ठेवून पायऱ्या उतरा.

खाली एक विटांची भिंत आहे, १२२ मीटर लांब आणि पाच मीटर उंच. तिच्यात अठरा मोठे कोनाडे, एकाआड एक लहान. नाउमाकिया म्हणजे पाण्यात लुटुपुटूची आरमारी लढाई. कुणीतरी कधीतरी ही भिंत बघून इथे रोमन लोक जहाजं झुंजवत असतील अशी कल्पना केली आणि नाव चिकटलं. खरं तर या भिंतीच्या मागे पाण्याचं भलंमोठं टाकं होतं. भिंत टाक्यालाही धरून होती आणि डोंगराच्या उतारालाही. आज तिच्या डोक्यावर घरं आहेत. मी गेलो तेव्हा वरच्या गच्चीत एक बाई दोरीवर चादरी वाळत घालत होती, आणि तिच्या पायाखाली एका कोनाड्यात अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या विटांच्या सांध्यातून नेचं उगवलं होतं. सिसिलीच्या कडक उन्हात नेचं उगवायला ओल लागते. ती अजून कुठून तरी झिरपते आहे.

कड्यावरच्या गावाला आत साठवण का लागते, याचं उदाहरण याच गावाच्या इतिहासात आहे. इ.स.पू. १३५ मध्ये सिसिलीच्या शेतांवर राबणाऱ्या गुलामांनी बंड केलं. रोमशी झालेलं हे पहिलं गुलामयुद्ध. त्यांनी ताउरोमेनियन ताब्यात घेतलं आणि रोमन सैन्याला बरेच दिवस दाद दिली नाही. कड्यावरचं गाव लढून मिळत नाही म्हटल्यावर रोमन कॉन्सल रूपिलियसने वेढा घालून रसद तोडली. आतल्या उपासमारीचं इतिहासकार दिओदोरसने केलेलं वर्णन वाचवत नाही. इ.स.पू. १३२ मध्ये आतल्याच एकाने फितुरी करून गाव दिलं. पकडलेल्या गुलामांचे हाल करून त्यांना कड्यावरून लोटलं. पियात्सातल्या कठड्यावर रेलून आपण ज्या उतारावरून समुद्र बघतो, कदाचित तिथेच कुठेतरी.

कोर्सोच्या दुसऱ्या टोकाला कॅथेड्रल आहे, तेराव्या शतकातलं. माथ्यावर किल्ल्यासारखे कंगोरे, म्हणून चर्चपेक्षा गढीच वाटते. आतले गुलाबी संगमरवराचे खांब प्राचीन नाट्यगृहातून उचललेले असल्याचं सांगतात. दुपारी साधारण एक ते चार चर्च बंद असतं, आणि खांदे-गुडघे झाकलेले हवेत; पिशवीत एक ओढणी ठेवा. समोर १६३५ चं कारंजं. त्याच्या शिखरावर गावाचं चिन्ह उभं आहे: अर्धी बाई, अर्धा घोडा, डोक्यावर मुकुट. सेंटॉरला चार पाय असतात, हिला दोनच आहेत. कातानियाच्या वेशीजवळ सांतो स्तेफानोच्या ड्यूकचा वाडा आहे. त्याच्या कपाळावर काळा लाव्हा आणि पांढरा दगड यांची नक्षी आहे, दुरून कुणी विणलेला काठ वाटावा अशी.

वेशीजवळचा सान दोमेनिको हा जुना मठ १८९६ पासून हॉटेल आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे जर्मन सेनाधिकाऱ्यांचं ठाणं होतं, म्हणून जुलै १९४३ मध्ये दोस्तांनी बाँब टाकले. खोलीचा दर विचारायला जाऊ नका.

साहित्यात रस असेल तर गावाच्या दुसऱ्या बाजूला, फोंताना वेक्किया नावाच्या घराकडे चालत जा. डी. एच. लॉरेन्स १९२० पासून दोन वर्षं तिथे भाड्याने राहिला. त्याची ‘स्नेक’ ही कविता इथल्याच पाण्याच्या डोणीवर तहानेने आलेल्या सापाची आहे. घर खासगी आहे, बाहेरूनच बघायचं. नावाचा अर्थ मात्र लक्षात ठेवा: जुनं कारंजं. पुन्हा पाणीच.

खाण्याबद्दल थोडं. शाकाहारी माणसाची इथे आबाळ होत नाही. पास्ता आल्ला नोर्मा म्हणजे तळलेलं वांगं, टोमॅटो आणि खारवलेला रिकोत्ता. कापोनाता म्हणजे वांग्याची आंबटगोड भाजी. तळलेल्या भाताचे गोळे घेताना आत काय आहे ते विचारा, नेहमीच्या सारणात खिमा असतो. सकाळचा नाश्ता ग्रानिता आणि ब्रिओशचा करा. बदामाचा किंवा तुतीचा ग्रानिता मागवा आणि ब्रिओशच्या डोक्यावरची बोंडी तोडून त्यात बुडवून खा. पहिल्या घासाला हे कसलं कॉम्बिनेशन असं वाटतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कास्तेलमोला. ५२९ मीटर उंचीवरचं हे गाव ताओर्मिनाच्या डोक्यावर बसलंय. बस जाते, पण पायऱ्यांची जुनी वाट चढा. रमतगमत तासाभरात होते. अर्ध्या वाटेवर खडकात कोरलेलं मादोन्ना देल्ला रोक्काचं चर्च लागतं, त्याचं छत म्हणजे नैसर्गिक दगड. पाण्याची बाटली भरून घ्या, टोपी घाला, आणि उन्हाळ्यात नऊच्या आत निघा. वर किल्ल्याचे अवशेष आहेत, फारसे नाहीत, पण तिथे उभं राहिल्यावर पहिल्या दुपारी पायथ्याशी बघितलेलं नाक्सोसचं भूशिर तळहाताएवढं दिसतं. बदामाची वाईन इथली खासियत. परतीच्या बसची वेळ मात्र वर पोहोचल्या पोहोचल्या बघून ठेवा, बस फार नाहीत.

प्रवासाच्या आखणीत एक दिवस मोकळा राखा. मुंबईहून कातानियाला थेट विमान नाही, कुठेतरी बदलावंच लागतं, आणि एटनाने राख उडवली की कातानियाचा विमानतळ कधीकधी बंद होतो. शेंगेन व्हिसाची तारीख परतीच्या तिकिटाच्या दिवशीच संपत असेल तर अशा वेळी तोंडचं पाणी पळतं. घाई नसेल तर रोमहून रात्रीच्या गाडीने या. मेसिनाच्या सामुद्रधुनीपाशी अख्खी आगगाडी डबे सुटे करून जहाजात चढवतात. झोपमोड होते, पण ती करून घ्यावी.

कास्तेलमोलाच्या वाटेवर दोन्ही बाजूंना आपला फड्या निवडुंग दिसेल, ऑगस्टपासून पुढे लालपिवळ्या बोंडांनी लगडलेला. मूळचा मेक्सिकोचा, पण इटालियन लोक त्याला फिको दि’इन्दिया, म्हणजे हिंदुस्थानचं अंजीर, म्हणतात. फळं गोड असतात. आपल्याच शेताच्या बांधावरचा आहे अशा थाटात मी हाताने एक तोडलं आणि पुढचे दोन दिवस हॉटेलच्या खिडकीत बसून चिमट्याने बोटांतली कुसं काढत होतो. बाजारातला विक्रेता फळ काट्याने टोचून धरतो, सुरीने दोन्ही टोकं उडवतो, उभा एक छेद देतो आणि साल गुंडाळून बाजूला करतो. त्याच्याकडूनच घ्या.